एका अनुस्वाराचे छायाचित्र



शुद्धलेखनाच्या घटकात आपण अनुस्वाराविषयीचे नियम वाचले असतील. मराठी साहित्य महामंडळाचे नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ साली स्वीकारले. उच्चारात नसलेले अनुस्वार त्यांमुळे लेखनातून गेले. त्यापूर्वी ‘मी येतों’ असे सानुस्वार आणि ‘तो येतो’ असे निरनुस्वार लिहीत. आज ही दोन्ही रूपे सारखीच दिसतात. हा बदल मी अनेक वर्षे वर्गात दोन मिनिटांत सांगून पुढे जात असे. आमच्या घरात मात्र त्याच एका टिंबाचा प्रश्न पाऊणशे वर्षे सुटलेला नव्हता.

माझे आजोबा मुंबईत एका गिरणीत कारकून होते. व्हर्नाक्युलर फायनल झालेले, अक्षर वळणदार. १९४६ च्या दिवाळीपूर्वी त्यांचे एक पोस्टकार्ड गावी आले. त्याच्या शेवटच्या ओळी अशा : ‘पैसे धाकट्याजवळ दिले आहेत. काळजी करूं नये. दिवाळीस घरीं येतो.’ दिवाळीला त्यांचे धाकटे भाऊ पैसे घेऊन आले. आजोबा आले नाहीत. पुढेही कधी आले नाहीत, आणि त्यांचा ठावठिकाणाही लागला नाही.

‘येतो’च्या डोक्यावर एक काळसर ठिपका होता. तो अनुस्वार असेल, तर ‘मी येतों’ असे आजोबांनी लिहिले होते. नसेल, तर ‘धाकटा येतो’ एवढेच. आजी म्हणे, अनुस्वार आहे. आत्या म्हणे, माशीची घाण आहे; कार्ड कितीतरी वर्षे स्वयंपाकघरातल्या तारेला टोचलेले होते. माझे वडील, अण्णा, तेव्हा सहा वर्षांचे होते. त्यांनी आत्याचे म्हणणे मनाशी धरले आणि वडिलांचा विषय मिटवून टाकला.

गेल्या वर्षी ते कार्ड माझ्या हाती आले. साध्या डोळ्यांना ठिपका ठिपकाच दिसे. अतिनिकट छायाचित्रणाची खास लेन्स माझ्याजवळ नव्हती. मोबाइलच्या लेन्सवर पाण्याचा थेंब ठेवला की त्याची गोलाई भिंगाचे काम करते, हे मला ठाऊक होते. परंतु शाईच्या जुन्या अक्षरांवर पाणी टांगून ठेवण्याचे धाडस कोण करील? सुटी होणारी लेन्स असलेला कॅमेरा असता, तर ५० मिमीची साधी लेन्स उलटी धरूनही काम भागले असते. अखेर ओळखीच्या घड्याळजींकडून त्यांचे डोळ्याला लावायचे दहापटीचे भिंग मागून आणले आणि ते रबरबँडने मोबाइलच्या लेन्ससमोर बसवले.

आपल्यालाही कधी गरज पडेल, म्हणून रीत सांगते. पुस्तकांच्या दोन सारख्या उंचीच्या थप्प्या रचाव्यात आणि मोबाइल त्यांवर आडवा ठेवून भिंग मधल्या फटीत येऊ द्यावे. दहापटीच्या भिंगाचे नाभीय अंतर सुमारे अडीच सेंटिमीटर असते. वस्तू साधारण तेवढ्याच अंतरावर हवी. इतक्या जवळून स्पष्टतेची पट्टी फार अरुंद असते, केसभर अंतर चुकले तरी चित्र धूसर होते. म्हणून मोबाइल हलवू नये; वस्तूखाली एकेक कोरा कागद सरकवून तिला वर आणावे. बोटाच्या धक्क्याने चित्र हलते, तेव्हा तीन सेकंदांचा टायमर लावावा. सर्वांत महत्त्वाचा प्रकाश. समोरून पडणारा प्रकाश पृष्ठभाग सपाट करून दाखवतो; बाजूने, अगदी कागदाला घासून जाणारा प्रकाश उंचवटे उघड करतो.

मी विजेरी प्रथम डावीकडून आणि मग उजवीकडून धरली. कागदावर चिकटलेल्या कणाची सावली प्रकाशाबरोबर बाजू बदलते. कागदात मुरलेल्या शाईला सावली नसते. परंतु नुसत्या एका ठिपक्याच्या चित्रावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. तुलनेसाठी ज्ञात नमुने हवेत. ते कार्डावरच होते. ‘करूं’वरचा अनुस्वार निःसंशय लेखणीचा होता, आणि कोऱ्या समासातला एक डाग निःसंशय माशीचा. तिन्हींची छायाचित्रे एकाच अंतरावरून आणि एकाच प्रकाशात घेतली.

समासातला डाग तपकिरी, फुगीर होता. त्याची सावली इकडून तिकडे गेली. ‘करूं’वरचे टिंब सपाट होते. त्याच्या कडेने निळसर काळी शाई कागदाच्या तंतूंतून बारीक मुळांसारखी पसरली होती. ‘येतो’वरचा ठिपकाही सपाट होता. त्यालाही तशीच मुळे होती.

छायाचित्रे घेऊन अण्णांकडे गेले. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मी त्यांना तिन्ही चित्रे क्रमाने समजावून दिली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे लिहिलं तेव्हा यायचं मनात होतं.”

“एवढंच सांगता येतं, अण्णा,” मी म्हणाले. “का आले नाहीत, ते या टिंबात नाही.”

“नसू दे,” ते म्हणाले. “आईचं खरं होतं, एवढं पुरे.”

पुराव्याला त्याच्या कुवतीपेक्षा अधिक बोलायला लावू नये, असे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत आले. त्या दिवशी अण्णांनी त्याला जेवढे बोलता येत होते तेवढेच ऐकून घेतले.

मित्रहो, आपल्या घरीही एखादे जुने पत्र, सातबाऱ्याची पिवळी प्रत किंवा पोथीचे पान असेल. ते हाताळताना हात कोरडे असू द्यावेत आणि एखादे टिंब डाग म्हणून पुसण्यापूर्वी त्यावर एकदा बाजूने प्रकाश टाकून पाहावा. आमचे कार्ड आता आजीच्या तसबिरीमागे आहे. अण्णांनीच ते तिथे ठेवले. ठेवण्यापूर्वी शेवटची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली आणि ‘येतों’चा तो शेवटचा स्वर, कोणीही आज उच्चारत नाही तसा, नाकातून काढला.