गब्बरसिंगचं आजोळ

माणसाच्या वागण्याचा उलगडा होत नसेल तर त्याचं आजोळ बघावं, असं आमची आई म्हणते. गब्बरसिंगचं आजोळ इटलीत आहे. दचकू नका. 'शोले' हा वडिलांच्या बाजूनं जपानी. कुरोसावाचे १९५४ सालचे सात सामुराई हे त्याचे आजोबा. पण ती ओसाड माळरानं, घामेजलेले चेहरे, एकमेकांकडे टक लावून बघत बसलेली माणसं आणि गोळी सुटायच्या आधी वाजणारं संगीत, हा सगळा ऐवज आईकडचा. म्हणजे सर्जिओ लिओने या गृहस्थांच्या इटालियन वेस्टर्न सिनेमांकडचा.

या आजोळचीही गंमत आहे. लिओनेनं १९६४ साली 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' काढला. गोष्ट कुरोसावाच्याच 'योजिंबो'ची, न विचारता उचललेली. दिग्दर्शक इटलीचा, चित्रीकरण स्पेनमध्ये, कथा मेक्सिकोच्या हद्दीवरची आणि पडद्यावर नावं अमेरिकन! लिओने झाले बॉब रॉबर्टसन आणि संगीतकार एन्निओ मोरिकोने झाले डॅन सॅव्हिओ. ही मंडळी आमच्या काउंटरवर खातं उघडायला आली असती तर केवायसीच्या फॉर्मपाशीच सिनेमा संपला असता. पुढं जपान्यांनी दावा लावला आणि उत्पन्नातले १५ टक्के घेऊन मिटवला. विनातारण कर्जाला हा दर मला तरी रास्त वाटतो. पण हिशेब मांडून बघा, गब्बरचे वडील जपानी आणि आजोळही मुळात जपानीच. हा सगोत्र विवाह झाला. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.

लिओने आणि मोरिकोने रोममधल्या प्राथमिक शाळेत एका वर्गात होते. पहिल्या सिनेमाला पैसा बेताचा, मोठा वाद्यवृंद परवडायचा नाही. मग मोरिकोनेनं शीळ, चाबकाचे फटके, ऐरणीचे घाव आणि गिटार एवढ्यावर भागवलं. आपल्याकडे ज्याला टोणग्यासारखा शीळ काय घालतोस म्हणून थोबाडीत बसते, ते काम तिकडे अलेस्सांद्रोनी नावाच्या माणसानं केलं आणि जगभर नाव कमावलं. १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'चं संगीत तर आधी तयार झालं आणि सेटवर ते वाजवून त्याच्या चालीवर नटांना चालवलं. वरात आधी, मुलगी बघायचा कार्यक्रम नंतर. त्या सिनेमात नायकाच्या गळ्यात माउथऑर्गन लटकलेला असतो. तोच पुढं सात वर्षांनी आपल्या जयच्या ओठांशी आला. राहुल देव बर्मनसाठी तो वाजवला भानू गुप्तांनी.

ही तिकडची जुनी संगीतं हल्ली पुन्हा तबकड्यांवर निघताहेत. रंगीत तबकड्या, मोजक्याच प्रती, प्रत्येकीवर नंबर. विनोदी वेस्टर्नसुद्धा. पुण्याच्या माझ्या भाच्याकडे १९७० च्या 'दे कॉल मी ट्रिनिटी'ची आहे. त्यातला नायक टेरेन्स हिल, म्हणजे मूळचा मारिओ जिरोत्ती, तवाभर बीन्सची उसळ पावाशी अशी ओरपतो की पंगतीतला आपला माणूस वाटावा. मोरिकोने २०२० च्या जुलैत वारले, त्याच वर्षी त्यांच्या अप्रकाशित तुकड्यांची तबकडी निघाली. जुन्या सिनेमातून गाळलेले, नापसंत झालेले टेकही लोक पैसे मोजून घेतात. आमच्या शाखेत रद्द झालेल्या व्हाउचरचे गठ्ठे पडलेत. इटलीतून कोणी विचारलं तर कळवीन म्हणतो.

हे सगळं मला कळलं ते आमच्या काकांच्या पेटीपायी.

काकांची हिंगोलीत लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायची सर्व्हिस होती. दोन भोंगे, एक अँप्लिफायर, एक रेकॉर्डप्लेअर आणि पत्र्याच्या पेटीत दीडशे तबकड्या. लोक लग्नाची तारीख काढताना आधी काकांना विचारायचे, मग गुरुजींना. 'शोले' १५ ऑगस्ट १९७५ ला लागला, सुरुवातीला थंडच होता. पुढं लोकांना संवाद पाठ झालेत हे पॉलिडोर कंपनीच्या ध्यानात आलं आणि तिनं नुसत्या संवादांची तबकडी काढली. गाण्यांची आणि संवादांची, दोन्ही काकांकडे होत्या. मला कळायला लागलं तोवर कॅसेटी आल्या होत्या, पण काकांचा कॅसेटीवर विश्वास नव्हता. तिच्यात गाणं दिसत नाही, म्हणायचे.

औंढ्याकडच्या एका लग्नात मी वायरी धरायला गेलो होतो. ठरली होती चारशे पानं आणि व्याह्यांनी आणली सातशे माणसं. ऐन पंगतीत संवादांच्या तबकडीवर पिन अडकली. माणसं किती होती, ही गब्बरची चौकशी काही केल्या थांबेना. मुलीचा बाप भाताच्या पातेल्याशेजारी उभा राहून भोंग्याकडे हात जोडून बघत होता.

गाण्यांच्या तबकडीचा चरा वेगळ्या जागी होता. टायटलच्या संगीतात, गिटार रंगात येते तिथं. पडद्यावर तेव्हा घोडे स्टेशनावरून रामगडला निघालेले असतात. काकांच्या तबकडीवर ते तिथंच गोल गोल फिरायचे. मग पानाला चुना लावता लावता काका न बघता पिनेच्या दांडीला बोटानं टिचकी मारायचे आणि घोडे पुढं सरकायचे. सिनेमातली आगगाडी आपल्या पूर्णा-खांडवा मीटरगेजचीच, असं त्यांचं ठाम मत आहे. ते चित्रीकरण पनवेलजवळचं, पण पनवेल काकांना मंजूर नाही.

मागल्या वर्षी चुलतभावानं, म्हणजे आमच्या दादानं, घर वाढवायला काढलं आणि पेटी भंगारात द्यायची ठरवली. भंगारवाल्यानं एक तबकडी वाजवून पाहिली, म्हणजे नखानं, आणि प्लास्टिकचा भाव सांगितला. काका काही बोलले नाहीत. चप्पल घालून मारुतीच्या पारावर जाऊन बसले. मी भाच्याला फोन लावला. "मामा, थांबवा त्यांना," तो ओरडला, "नव्यानं छापलेल्यालाच तीन हजार पडतात!" बी. कॉम.चं शिक्षण कधीतरी उपयोगी पडतं. मी दादासमोर कागदावर दीडशे गुणिले तीन हजार मांडले. साडेचार लाख. दादानं भंगारवाल्याला चहा पाजून परत पाठवला.

पेटी वाचली. पण त्याच संध्याकाळी ती लोखंडी कपाटात, चांदीच्या ताटांखाली गेली आणि किल्ली वहिनींच्या कमरेला. काकांनी एकदा विचारलं, "एखादी लावू का रे?"

"बाबा, हात नका लावू. चरा पडला की किंमत उतरती."

बँकेत याला लियन मार्क होणं म्हणतात. खातं तुमचं, शिल्लक तुमची, फक्त काढता येत नाही. प्लेअर तेवढा बाहेर राहिला होता, त्याला गिऱ्हाईक नव्हतं. काका संध्याकाळी त्याच्यावरची धूळ पुसायचे आणि झाकण लावायचे.

२०२५ च्या २७ जूनला इटलीतल्या बोलोन्या शहराच्या भर चौकात नव्यानं दुरुस्त केलेला 'शोले' दाखवला. सेन्सॉरनं बदलायला लावलेला मूळचा शेवटही त्यात परत बसवलाय. त्यात ठाकूर गब्बरला ठार करतो. म्हणजे पन्नास वर्षांनी गब्बर आजोळी गेला, तो मरायलाच. मी हे काकांना पेपरातून वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, "भोंगे कोणाचे होते?"

त्या रात्री मी भाच्याकडून 'शोले'च्या गाण्यांची नवी तबकडी मागवली. किंमत आमच्या हिला पाचशे सांगितली, ती तिला जास्तच वाटली.

तबकडी आली. काकांनी हात धुतले, धोतराला पुसले, कागद सोडवला. काळं कुळकुळीत, आरशासारखं. पिन टेकवली. ना चरचर, ना खरखर. दादासुद्धा दारात येऊन उभा राहिला. काका डोळे मिटून, मांडीवर पान पसरून ऐकत होते. चेहऱ्यावर पाहुण्याकडे जेवायला बसल्यासारखा भाव. गिटार रंगात आली. काकांचा एक हात चुन्याच्या डबीत होता. दुसरा न बघता उठला आणि दांडीला सणसणीत टिचकी बसली.

चर्र!

दादानं कपाळावर हात मारला. मी तीन हजाराकडे वाकून बघितलं. बारीक रेघ, बरोबर त्याच जागी. काकांनी पिन उचलून दोन बोटं मागं ठेवली. गिटार आली, रेघेपाशी अडली आणि घोडे गोल गोल फिरायला लागले.

"हां, आता कसं लायनीवर आलं," असं म्हणून काकांनी दुसरी टिचकी मारली आणि पानाला चुना लावला.