माघातली रोपं

महाशिवरात्र झाली की थंडी ‘शिव शिव’ म्हणत पळते, असं आपल्याकडे म्हणतात. घरात वाढवलेली रोपं गच्चीवर न्यायला हा मुहूर्त मला कधीच कामाचा वाटला नाही. 2024 साली महाशिवरात्र 8 मार्चला आली, 2026 साली 15 फेब्रुवारीला. तिथी तीन आठवडे मागेपुढे होते; कपात वाढणारं टोमॅटोचं रोप तेवढी वाट बघत नाही, नुसतं लांबट होत जातं.

बागकामाची इंग्रजी पुस्तकं बहुतेक थंड मुलुखातली. हिमाचा धोका टळला की रोपं बाहेर काढा, असं ती सांगतात. तिथे त्यानंतर कोवळ्या उन्हाचे महिने मिळतात. आमच्या नागपुरात थंडी पुरती सरेपर्यंत थांबलात, तर दारात उन्हाळाच उभा. दुपारचा पारा 35च्या वर गेला आणि रात्रीही तापू लागल्या की टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरत नाही. म्हणून डिसेंबरअखेर खोलीत पेरलेलं रोप फेब्रुवारीच्या सुरुवातीला, थंडी असतानाच बाहेर गेलं पाहिजे. पेरणी मात्र घरातच बरी. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर उतरला होता. तसल्या गारठ्यात मिरचीचं बी मातीत नुसतं पडून राहतं.

लोकांना भीती असते ती रात्रीच्या थंडीची. माझ्या मते खरा घात दुपारी होतो. फेब्रुवारीत पहाटे 12-13 अंश आणि दुपारी 30च्या पुढे, हे इथं नित्याचं. सकाळी कुंडीतली माती गार असते, गार मातीत मुळं पाणी हळू ओढतात. वरून ऊन तापतं, पानं भराभर पाणी सोडतात. खोलीत वाढलेल्या पानांवरचं मेणाचं आवरण पातळ असतं, त्यामुळे ती आणखीच लवकर सुकतात. माती ओली, तरी रोप मान टाकतं. ते बघून माणूस तांब्याभर पाणी ओततो, आणि दोन दिवसांत खोड मातीलगत कुजून रोप आडवं होतं. अशा वेळी पाणी नको, सावली द्या.

शहरातल्या आमच्या धंतोली भागात ही सावलीसुद्धा आपल्या हाती राहिलेली नाही. जुने बंगले पडून दवाखान्यांचे मजले चढले. माझ्या गच्चीच्या पूर्वेला अशीच एक इमारत आहे. सकाळचं कोवळं ऊन, जे रोपाला सगळ्यात आधी हवं, ते तिच्यामागे अडतं आणि दहा वाजता एकदम झणझणीत ऊन कुंड्यांवर उतरतं. त्यातून एसीच्या बाहेरच्या यंत्रांचे गरम झोत. शेजाऱ्याशी भांडून सूर्य हलत नाही, म्हणून मी क्रम उलटा केला. रोपं आधी संध्याकाळी बाहेर ठेवायची, उन्हं उतरल्यावर तासभर. मग दोन तास. मग शेडनेटखाली सकाळपासून, आणि आठ-दहा दिवसांनी जाळी काढून. रात्री पारा दहाच्या खाली जाणार असेल, तर जुनी सुती चादर काठ्यांवर ताणायची. प्लास्टिक नको, सकाळी ते काढायला उशीर झाला तर आतली रोपं उकडतात.

वाऱ्याला मात्र भिऊ नये. वाऱ्यात हललेलं खोड आखूड आणि जाड होतं. घरातल्या रोपांवरून मी रोज हळूच तळहात फिरवतो, तो त्यासाठीच. घरचे हसतात. हसोत बापडे. गारपिटीपुढे मात्र कुणाचंच चालत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यातली उभी पिकं तिनं झोपवली, तिथे गच्चीवरच्या कुंड्यांची काय कथा. आभाळ काळवंडलं की रोपं सरळ जिन्यात आणायची.

हा सगळा खटाटोप टोमॅटो, वांगी आणि मिरचीसाठी. काकडी, दोडका, कारलं यांच्या वाटेला या मार्गाने जाऊ नका. त्यांच्या मुळांना हलवलेलं खपत नाही. त्यांचं बी फेब्रुवारीत थेट मोठ्या कुंडीतच टोचा.