उमापूरच्या बांधास अनावृत पत्र

प्रिय बांधा,

गेवराई तालुक्यातल्या उमापूर शिवारातून तुला हे पत्र लिहितो आहे. आजवर तुझं नाव आम्ही मोजणीच्या अर्जात घेतलं, भावकीच्या भांडणात घेतलं. खुशाली विचारायला कधी घेतलं नाही. आज विचारतो. दर पेरणीला तू अरुंद होत चालला आहेस आणि तुझ्याबरोबर या शिवारातलं बरंच काही चाललं आहे.

जैवविविधता म्हटलं की लोकांना सह्याद्री आठवतो, ताडोबाचा वाघ आठवतो. आमच्या बीड जिल्ह्याच्या वाट्याला जंगल फार थोडं आलं. पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य, बालाघाटचे डोंगर आणि गेवराई तालुक्याच्या उत्तर अंगानं वाहणाऱ्या गोदावरीचा काठ सोडला, तर सगळीकडं पिकाखालचं रान. कापूस, तूर, बाजरी, आणि पाणी पोचलं तिथं ऊस. या रानात नांगराचा फाळ न लागणारी जागा तेवढी तुझी. आमच्यासाठी जंगल म्हणजे तूच होतास.

तुझ्या अंगाखांद्यावर बोरी-बाभळी होत्या, हिवर होता, लिंब होता. खाली तरवड, रुई, आघाडा. पहिला पाऊस पडला की तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू उगवायची आणि बायका खुरपणीवरून परतताना ओटीभर भाजी आणायच्या. कुंद्या-पवन्याच्या गवतात तितर अंडी घालायचा, बोरीच्या फांदीला फुलोरी माशीचं पोळं लटकायचं, दगडांच्या सांदीत मुंगूस आणि धामण राहायची.

यातलं कुणी फुकट राहत नव्हतं. धामण उंदीर खायची. ढालकिडे पिकावरचा मावा संपवायचे. कारळ्याचं फूल स्वतःच्या परागावर फळत नाही, त्याला दुसऱ्या झाडाचा पराग आणून देणारी माशी लागतेच. कोतवाल बाभळीच्या शेंड्यावर बसायचा आणि झेप घेऊन हरभऱ्यातली घाटेअळी उचलायचा. आता आम्ही बाभळी तोडल्या, आणि कृषी विभाग सांगतो की हरभऱ्यात पक्षी थांबे उभारा. म्हणून आम्ही रानात काठ्या रोवतो. जे झाड तू आपणहून वाढवलं होतंस, त्याच्या जागी ही काठी आली.

मातीचंही तसंच. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायाबापड्यांनी उन्हातान्हात खडी फोडली, डोक्यावर टोपली घेऊन बांधबंदिस्तीची माती वाहिली. पावसाचं पाणी रानातच जिरावं, वरची माती ओढ्याला जाऊ नये, एवढ्यासाठी ते कष्ट होते. त्या घामानं उभं राहिलेलं काम आम्ही एकेक तास करून पोखरलं.

हो, आम्हीच. आमच्या घरच्या औतानंही तुला कोरलं आहे. शेजाऱ्यानं एक तास घेतलं म्हणून आम्ही एक घेतलं. मग ट्रॅक्टर आला, जेसीबी आला. उन्हाळ्यात पालापाचोळा पेटवताना तुझ्यावरचं गवत आणि त्यातली घरटीही जळाली. उरलं त्यावर तणनाशक फिरलं. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारनं २०२२ साली मर्यादित केला. तरीही तणनाशकाला दाद न देणारं, परवानगी नसलेलं कापसाचं बियाणं महाराष्ट्रात पेरलं जातं. अशा फवाऱ्यात कापूस तेवढा तगतो आणि काठावर तू पिवळा पडतोस. शेतकऱ्याची अडचण मला ठाऊक आहे. वाटण्या होऊन रानाचे तुकडे झाले, खुरपणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. पण तुला मारून ती अडचण सुटली नाही. औषधाचा खर्च मात्र वाढला.

तू उजाड झालास तसं रानही एकसुरी झालं. पूर्वी तिफणीमागं मोघण धरून बाजरीत तूर, मटकी, हुलगा पेरायचे. एक गेलं तर दुसरं हाती लागायचं. जगभर हेच झालं आहे. माणूस सहा हजारांच्या आसपास वनस्पती पिकवत आला, पण आज एकूण पीक उत्पादनाचा दोनतृतीयांश भाग नऊच पिकांतून येतो, असं संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते. सुमारे दहा लाख जाती नामशेष होण्याच्या वाटेवर असल्याचा इशारा जगभरच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली दिला. ती यादी दूरची वाटते, पण उमापुरात तिची सुरुवात तुझ्यापासून होते.

तुला वाचवणं महाग आहे का, याचा हिशेब मी मांडून पाहिला. एक हेक्टर चौकोनी रानाभोवती मीटरभर रुंदीचा बांध सोडला, तर जागा जाते सुमारे चार गुंठे. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांनी वाटून घेतली, तर आपल्या वाट्याला दोन. शंभर गुंठ्यांत दोन गुंठे! इंग्लंडनं आपल्या शेतांची झुडपी कुंपणं मैलोन्‌मैल तोडली आणि नंतर ती वाचवायला १९९७ साली नियम केले. आपल्याकडं २००२चा जैविक विविधता कायदा आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी, असं तो सांगतो. ही नोंदवही कपाटात ठेवायची वस्तू नाही. तुझ्यावरचं प्रत्येक झाड, गवत, पाखरू तिच्यात यायला हवं, आणि ते सांगायला खुरपणी करणाऱ्या बायका आणि मेंढरं राखणारे धनगर यांना बोलवायला हवं. त्यांच्याइतकं तुला कुणी ओळखत नाही.

उमापूरकरांनो, हे पत्र बांधाच्या नावानं असलं तरी वाचायचं तुम्हाला आहे. येत्या खरिपात औत हातभर अलीकडून वळवा. फवारा काठावर नेऊ नका, काडी लावू नका. एक बोर, एक लिंब आपोआप उगवला तर उपटू नका. शेजाऱ्यानं बांध कोरला तर आपण कोरू नका. थांबायची सुरुवात कुणीतरी करायची असते. आणि येत्या ग्रामसभेत बांध राखण्याचा ठराव मांडा. मी हात वर करणार आहे.

तुझ्याच कडेला वाढलेला,
उमापूरचा एक शेतकरी