चौकातली इराणी चव

लखनौला गेलात की परदेशी पदार्थांसाठी बड्या हॉटेलात पैसे घालवू नका. सरळ जुन्या चौकात जा. अवधचे नवाब मूळचे इराणमधल्या निशापूरचे. १७२२ साली सादत खान इथला सुभेदार झाला आणि दरबारात इराणी चव रुजली. शीरमालच घ्या ना! फारसीत शीर म्हणजे दूध. दुधात मळलेली, केशर लावलेली ही गोडसर रोटी गरमच खावी. जवळच १९०५ सालचे टुंडे कबाबीचे दुकान आहे. कबाब लोण्यासारखे मऊ. (मांस कोणते, ते आधी विचारावे.) शाकाहारी मंडळींनी हिरमुसू नये. हिवाळ्यात गोल दरवाजापाशी मख्खन मलाई मिळते, म्हणजे दुधाचा केशरी फेस. मात्र मुलांना पहाटेच उठवा. ऊन चढले की फेस बसतो.