काटा खाली आला तेव्हा



ही 2024 च्या आगमनकाळातली गोष्ट आहे. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन 21 नोव्हेंबरपासून 5 जानेवारीपर्यंत खुले होते. आमच्या पॅरिशमधल्या तीन वयस्कर आंटींना जायची फार इच्छा होती, पण बसचा प्रवास त्यांना झेपणार नव्हता. फादरांनी मला विचारले आणि मी हो म्हटले. गाडी आमच्या पपांची, 1998 ची मारुती 800. पपा देवाघरी गेल्यापासून ती माझ्याकडे आहे.

पहाटे बेळगाव सोडले. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरलो आणि साखळीमार्गे वेळेत पोहोचलो. से कॅथेड्रलमध्ये दर्शन झाले. नंतर आंटी पापनिवेदनाच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्या भाषेत 'कुमसार'. त्यातल्या एकीने मला विचारले, "तू नाही येत, बाळा?" मी म्हटले, "तुम्ही या जाऊन, मी इथेच थांबतो." मनात म्हटले, माझ्याकडे सांगण्यासारखे आहे तरी काय? कुठे काही टोचत नव्हते, मन शांत होते.

दुपारी परत निघालो. केरी मागे पडले आणि चढ सुरू झाला. गाडीत चौघे जण, वर ऊन, गिअर दुसरा. मीटरमधला तापमानाचा काटा नेहमी अर्ध्याच्या थोडा खाली असतो, तो अर्ध्यावर आला, मग हळूहळू 'एच'कडे सरकू लागला. मी घाबरलो. गाडी बाजूला घ्यायला जागा शोधत होतो, तेवढ्यात काटा थांबला आणि चक्क खाली यायला लागला. आधी अर्ध्यावर, मग त्याच्याही खाली. मागच्या आंटी म्हणाल्या, "सायबाची कृपा!" मीही सुटकेचा श्वास टाकला आणि गाडी तशीच पुढे दामटली.

दोन वळणांनंतर पुढे बसलेल्या आंटी म्हणाल्या, "बाळा, काहीतरी जळल्यासारखा वास येतोय." मी काट्याकडे बोट दाखवले. "आंटी, बघा ना, गाडी थंड आहे." काटा तेव्हा जवळजवळ 'सी'वर होता. आणखी एक वळण गेले. इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली, ओढ कमी झाली आणि गाडी बंद पडली ती पडलीच.

घाटात मोबाईलला रेंज नव्हती. बेळगावकडे जाणाऱ्या एका टेम्पोवाल्याने आंटींना पुढे बसवून घेतले आणि वर जाऊन गॅरेजला फोनही केला. मेस्त्री येईपर्यंत अंधार पडला होता. त्यांनी बॉनेट उघडले आणि टॉर्च मारला. रेडिएटरचा रबरी पाईप क्लिपजवळ फाटला होता. आत पाण्याचा थेंब नव्हता.

मी म्हटले, "पण काटा तर खाली आला होता!"

मेस्त्री म्हणाले, "काटा खाली आला म्हणून खूश झालात व्हय? अहो, तो काटा इंजिनाचा ताप दाखवत नाही, पाण्याचा दाखवतो. पाणीच संपलं तर तो बिचारा काय दाखवणार?"

नंतर त्यांनी मला सगळे नीट समजावून सांगितले. आपल्यापैकी अनेकांकडे जुन्या गाड्या आहेत, म्हणून तेही इथे लिहितो.

इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवर एक छोटा सेन्सर असतो, तो पाण्यात बुडालेला असायला हवा. पाणी उतरले की तो कोरड्या हवेत किंवा वाफेत उघडा पडतो. धातू भाजून निघत असतो आणि काटा मात्र खाली येतो. सेन्सरची तार तुटली तरी काटा 'सी'वरच पडून राहतो. निरोगी गाडीचा काटा शून्यावर नसतोच. इंजिन तापले की साधारण 82 ते 88 अंशांना थर्मोस्टॅट उघडतो, पाणी रेडिएटरकडे वाहू लागते आणि काटा आपल्या ठरलेल्या जागी स्थिर होतो. ती जागा प्रत्येक गाडीची थोडी वेगळी असते, आपल्या गाडीची आपण ओळखून ठेवायची. तासभर चालवूनही काटा 'सी'वर असेल, तर ती आनंदाची बातमी नाही.

गर्दीत उभ्या गाडीचा काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तेव्हा आधी पंखा तपासावा. चढावर किंवा वेगात चढत असेल तर पाणी कमी आहे का, रेडिएटर तुंबला आहे का, थर्मोस्टॅट अडकला आहे का, ते बघावे. काटा चढताच गाडी बाजूला घेऊन बंद करावी. रेडिएटरचे झाकण गरम असताना कधीही उघडू नये. त्या झाकणाच्या दाबामुळे आतले पाणी शंभर अंशांच्या पुढे, 118 अंशांच्या आसपासही न उकळता राहते. झाकण उघडले की दाब सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती तोंडावर येते. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेडला तडा जाऊ शकतो.

"पण खरं सांगू का," मेस्त्री शेवटी म्हणाले, "सकाळी गाडी गार असताना बॉनेट उघडून पाणी बघायचं. एवढंच. पाईप एका दिवसात फाटत नाही. आधी फुगतो, भेगा पडतात, क्लिपशी ओल दिसते. बघणाऱ्याला दिसतं."

हे ऐकून मी गप्प झालो. कारण आमच्या घरी पाणी बघणारा कोण होता, ते मला आठवले. माझा धाकटा भाऊ. दर रविवारी मिस्साला निघण्यापूर्वी तो बॉनेट उघडायचा. पपांनीच त्याला ती सवय लावली होती. तीन वर्षांपूर्वी घराच्या वाटणीवरून आमचे बिनसले. मी त्याला नको ते बोललो, तेही आईसमोर. त्यानंतर बोलणे बंद. आणि त्यानंतर त्या गाडीचे बॉनेट रविवारी कोणी उघडले नाही. मी फक्त काटा बघत आलो.

सुरुवातीला मला फार त्रास झाला होता. रात्री झोप लागत नसे, मिस्साच्या वेळी शांतीची खूण देताना तो तीन बाक पुढे दिसायचा आणि छातीत काहीतरी हलायचे. मग हळूहळू ते थांबले. मला वाटले, देवाने मनाला शांती दिली. आता कळले की पाणी आटले होते.

2 शमुवेलच्या 12 व्या अध्यायात नाथान संदेष्टा दावीदाकडे येतो. तोवर उरियाचा घात होऊन बरेच महिने लोटलेत, बथशेबेला मूलही झाले आहे. इतके दिवस दावीद राजासनावर शांत बसला आहे. नाथान त्याला गरिबाची मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो, तेव्हा मात्र तो संतापतो. दुसऱ्याच्या पापासाठी त्याचा काटा झटकन वर जातो, स्वतःच्या पापासाठी तो हललेलाही नसतो. स्तोत्र 32 मध्ये तो पुढे कबूल करतो की तोंड मिटून राहिलो त्या काळात उन्हाळ्यात ओल नाहीशी व्हावी तसा मी आतून कोरडा झालो. हे स्तोत्र मी लहानपणापासून ऐकले होते. त्याचा अर्थ चोर्ला घाटात कळला.

आपण प्रार्थनेत म्हणतो, देवा, मनाची टोचणी दूर कर. पण टोचणी ही कृपाच असते. काटा वर चढतो तेव्हा गाडी अजून वाचवता येते. भीती वाटायला हवी ती खाली आलेल्या काट्याची. आणि अशा वेळी शेजारी बसलेले कोणी म्हणाले की वास येतोय, तर त्यांना काटा दाखवू नये. गाडी थांबवावी.

गाडीचे हेड फेसिंगला गेले, गॅस्केट बदलले, पाईप नवे घातले, कुलंट भरले. नाताळच्या आधीच्या शनिवारी मी आमच्या चर्चमध्ये कुमसाराच्या रांगेत उभा राहिलो. सांगण्यासारखे बरेच निघाले. त्याच संध्याकाळी भावाला फोन लावला. घराचा विषय काढायचा धीर झाला नाही. गाडी घाटात बंद पडली, एवढेच सांगितले.

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, "पाणी बघितलं नव्हतंस?"

"नाही," मी म्हटले. "चुकलं माझं. आईसमोर तुला बोललो, तेही चुकलं."

तो 'बरं' म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही. पण नाताळच्या रात्री मिस्सानंतर तो गाडीपाशी आला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला, "आता गरम असेल. सकाळी येतो बघायला."

प्रभू येशू, आमच्या मनाची टोचणी इतक्यात शांत करू नकोस. आमच्यातले पाणी आटत असेल तर आम्हाला वेळेवर थांबव. ज्यांना वास येतो त्यांचे ऐकण्याची नम्रता दे, आणि तुझ्या जिवंत पाण्याने आम्हाला पुन्हा भर. आमेन.