मुलाकडे जाल तेव्हा वसई पाहून या

वाचकहो, आज आपल्या गावांतून घरटी एखादा माणूस मुंबईच्या बाजूला नोकरीला गेलेला असतो. "आमचा पोरगा मुंबईला असतो," असे आपण पारावर मोठ्या तोऱ्यात सांगतो. पण पोरगा कामाला मुंबईत आणि राहायला नालासोपाऱ्याला नाहीतर विरारला, असेच बहुधा असते. मुंबईतली जागा त्याच्या पगारात बसत नाही, म्हणून तो गाडीने तास-दीड तास लोंबकळत जातो आणि तसाच परत येतो.

आपण त्याच्याकडे जातो ते काही कामाने. दवाखाना, सुनेचे बाळंतपण, नातवाचे बारसे. चार दिवस त्या खोलीत बसतो, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगीत वाळत घातलेली धुणी पाहतो, आणि गावी येऊन सांगतो, "तिथं काय आहे पाहायला? नुसती माणसं आणि खुराडी!" हे बोलणे फिरून पोराच्या कानी जाते. आईबापांना दाखवावे असे आपल्या गावात काही नाही, हे त्याच्याही मनात बसते. मग तो एक रजा काढतो, आपल्याला राणीची बाग आणि गेट वे दाखवून आणतो. गर्दीत जीव नकोसा होतो, म्हातारीचे पाय सुजतात, आणि पुढच्या खेपेला ती म्हणते, "नको बाबा, तूच ये गावाला."

म्हणून हे लिहायला बसलो. माझा धाकटा भाऊ नालासोपाऱ्याला राहतो. त्याच्याकडे जाणे-येणे झाले, तसे दर खेपेला एकेक ठिकाण पाहत गेलो. आता छातीठोकपणे सांगतो, शेतकऱ्याने पाहावे असे जितके त्या एका तालुक्यात आहे, तितके साऱ्या मुंबईत नाही.

वसई, नवघर-माणिकपूर, नालासोपारा आणि विरार या चार नगरपालिका आणि भोवतालची बरीच गावे मिळून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिथली वस्ती बारा लाखांवर होती. रुळाच्या कडेने इमारतींचे रान माजले आहे, हे खरेच. पण रूळ सोडून पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला, दोन-तीन कोस जा. तिथे निराळेच जग आहे.

पहिला दिवस वसईच्या किल्ल्याला द्या. वसई रोड स्टेशनाच्या पश्चिमेला उतरले की किल्ल्याकडे जायला बस मिळते, रिक्षाही मिळते. सकाळी लवकर जावे. बरोबर भाकरी, ठेचा आणि पाणी घ्यावे, कारण आत हॉटेल नाही. तटाच्या आत शिरलात की वाटेल, एखादे अख्खे गाव सोडून माणसे निघून गेली आहेत. वाड्यांच्या भिंती, छत उडालेली चर्चे, मधून वाढलेली ताडाची झाडे. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली आणि दोनशे वर्षे त्यांच्याकडे राहिली. एका चर्चच्या जमिनीत थडग्यांच्या कोरीव फरशा आहेत. नातवंडांना त्यांवरची सालं शोधायला लावा, पोरे तासभर रमतात.

याच वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानमध्ये नागासाकी येथे धर्मासाठी क्रुसावर गेले. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले ते पहिले ख्रिस्ती संत. किल्ल्यात त्यांच्या नावाचे चर्च आहे.

पुढची कथा आपल्या घरातली आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी हा किल्ला घेतला. तट इतका भक्कम की तोफांनी ढळेना. तेव्हा मराठ्यांनी बुरुजाखाली सुरुंग खणले, दारू ठासली आणि भगदाडे पाडली. दोन्हीकडची हजारो माणसे पडली. पण पोर्तुगीज शरण आल्यावर त्यांना बायकामुलांसह, सामानसुमानासह सुखरूप जाऊ दिले, हेही नातवाला सांगावे. आणि त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य गहाण टाकले, हेही झाकू नये. एकाच गावाने तेवढ्यात दोन्ही पाहिले, पुरती शंभर वर्षेही मधे गेली नाहीत.

तुमच्यापैकी कितीतरी जण भीमाशंकराला जाऊन आले असतील. तिथली मोठी घंटा आठवते? तिच्यावर १७२९ साल आणि क्रूस आहे. नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळाची घंटा, वाईजवळच्या मेणवलीची घंटा, या साऱ्या पोर्तुगिजांच्या चर्चांतल्या. वसईच्या मोहिमेत जिंकून आणलेल्या, असे सांगतात. म्हणजे वसईचा आवाज आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, ठिकाण तेवढे पाहिले नव्हते.

दुसरा दिवस नालासोपाऱ्याचा. हे नाव घेतले की लोक नाक मुरडतात. पण हेच जुने शूर्पारक. दोन हजार वर्षांपूर्वी इथे दूरदेशीची गलबते लागत. स्टेशनाच्या पश्चिमेला जुन्या सोपारा गावाजवळ बुरुड राजाचा कोट म्हणून एक उंचवटा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला, तेव्हा आत विटांचा बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी होती. पेटीत एकात एक करंडक होते, तांब्याचा, चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात काय असावे? मातीच्या भिक्षापात्राची खापरे. एवढ्या सोन्याचांदीने जपले ते मडक्याचे तुकडे! भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून भाविकांनी ते जपले होते. पाहायला आज विटांचा ढीगच आहे, पण तिथे घटकाभर शांत बसावे.

याच गावात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा अर्थ मला फार आवडला. पूर्वीचे राजे मौजेखातर, शिकारीसाठी दौरे काढीत. अशोकाने ते सोडून धर्मयात्रा सुरू केली, म्हणजे साधूंना दान द्यावे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना भेटावे, खेड्यापाड्यांतल्या माणसांची विचारपूस करावी. हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवले आहे, आणि आपण म्हणतो सोपाऱ्यात पाहायला काय आहे!

आता शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याची गोष्ट. किल्ला नाही पाहिला तरी चालेल, पण वसईची वाडी पाहिल्याशिवाय परत येऊ नका. सोपाऱ्याहून निर्मळ, भुईगाव, आगाशी या बाजूला जा. तिथे शेताला वाडी म्हणतात. आपल्या नजरेला ती परड्याएवढी वाटते, पण त्या तुकड्यात नारळ उभा असतो, खाली केळ, मधे भाजी, कडेला फुलझाडे आणि कुठे पानवेल. वावभर जमीन मोकळी सापडायची नाही. इथला सोनचाफा आणि मोगरा दादरच्या फुलबाजारात जातो. फुले खुडणे अंधारातच सुरू होते, कारण पहाटेची गाडी गाठायची असते. वाड्या कसणाऱ्यांत वाडवळ आहेत, सामवेदी ब्राह्मण आहेत, ख्रिस्ती शेतकरीही आहेत. ख्रिस्ती घरातल्या म्हाताऱ्या बायका अजून तांबडे लुगडे नेसतात, आणि बोली ऐकाल तर मराठीच, थोडी वेगळ्या वळणाची. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, हे आपल्या ध्यानात असेलच.

आगाशीच्या बाजूची सुकेळी मुद्दाम विचारून घ्या. राजेळी जातीची मोठी केळी पिकवून, सोलून, आठवडाभर उन्हात वाळवतात. रोज उलटायची, दवापासून झाकायची. उकिरडा नाही, माशी नाही, अशी जागा लागते. वाळून मधाच्या रंगाची झाली की सोपात बांधून ठेवतात. बरेच दिवस टिकतात आणि ओल्या केळ्यापेक्षा कितीतरी जास्त भावाने जातात. हे काम बहुतेक घरच्या बायकांच्या हातचे. केळी पिकवणाऱ्या आपल्या बहिणींनी ते नजरेखालून घालावे. राजेळीला जमते ते साध्या केळ्याला तसेच जमेल असे नाही, पण माल पडत्या भावाने फेकण्याऐवजी टिकवायचा कसा, हा विचार तरी डोक्यात येईल.

भुईगावकडे एका वाडीत आम्ही उभयता विहिरीजवळ थांबलो होतो. मालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. मी विचारले, "काका, पाणी अजून गोड आहे का?" ते म्हणाले, "या विहिरीचं आहे. शेजारची खारी झाली. तुमच्याकडे पाणी खोल जातं, आमच्याकडे खारं होतं. खोल गेलेलं एखाद्या पावसात वर येईल, खारं झालेलं लवकर गोड होत नाही." नंतर आमच्या घरच्यांकडे वळून म्हणाले, "वहिनी, पिऊन पाहा." आम्ही प्यालो. पाणी गोडच होते.

त्यांच्या बोलण्यामागे मोठी गोष्ट आहे. समुद्रकाठी गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. उपसा बेताचा असला तर तो टिकतो. पण वस्ती वाढली, नळाचे पाणी पुरेना, तेव्हा वाड्यांच्या विहिरींवर पंप बसवून टँकर भरून जाऊ लागले. गोडे सरले की खारे आत घुसते, आणि मग केळ जळते. त्यातच १९८० च्या दशकाच्या अखेरीस शेतजमिनी मोठ्या प्रमाणावर बांधकामाला खुल्या होऊ लागल्या. तेव्हा वसईचे शेतकरी, हिंदू आणि ख्रिस्ती, एकत्र उभे राहिले आणि 'हरित वसई' ची चळवळ झाली. फादर दिब्रिटो तिच्या पुढाऱ्यांत होते. सगळे वाचले नाही, रुळाकडचे गेलेच. पण समुद्राकडचा जो हिरवा पट्टा आज आपल्याला दिसतो, तो आपोआप राहिलेला नाही. त्यासाठी माणसे भांडली आहेत.

आज आपल्याही गावांवरून मोठे रस्ते जात आहेत. दलाल बांधावर येऊन एकरी आकडा सांगतात. विकावे की राखावे, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, मी कोण सांगणार? कुणाला मुलीचे लग्न आहे, कुणाला कर्ज आहे. पण निर्णय घेण्यापूर्वी वसईला जाऊन विकलेली जमीन आणि राखलेली जमीन शेजारी शेजारी पाहावी. मधे फक्त एक रस्ता असतो. अलीकडे सहा मजले, पलीकडे सोनचाफा. आणि ज्यांनी विकली त्यांच्याशीही दोन शब्द बोलावे. काहींचे भले झाले आहे, काही जण पुढे त्याच इमारतीत पहारेकरी होऊन बसले आहेत.

संध्याकाळ समुद्रावर घालवा. सुरूची बाग, भुईगाव, राजोडी, कळंब, कुठेही जा. सुरूच्या झाडांखाली वारा घेत बसायला पैसा लागत नाही. पोरांना मात्र पाण्यात आत जाऊ देऊ नका, भरती-ओहोटी आपल्या नदीसारखी नसते.

आणखी दिवस असतील तर विरारची जीवदानी देवी आहे. तेराशेवर पायऱ्या आहेत, गुडघे दुखणाऱ्यांसाठी रोपवेची सोय आहे. अर्नाळ्याहून होडीने बेटावरच्या किल्ल्यात जाता येते. चहूकडे खारे पाणी आणि किल्ल्यात गोड्या पाण्याचे अष्टकोनी तळे, हे नवल तिथे पाहावे. पूर्वेला तुंगारेश्वराचे रान आहे, आत महादेवाचे देऊळ आहे. पावसाळ्यात तिथल्या ओढ्या-धबधब्यांत उतरू नये, दरवर्षी कुणाच्या तरी घरचे माणूस तिकडच्या पाण्यात जाते. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरते. शंकराचार्यांच्या समाधीची ती जागा. त्या सुमाराला आपल्याकडे खरिपाची कापणी उरकत आलेली असते, तेव्हा जाणे जमण्यासारखे आहे.

दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी. सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी विरारकडे येणाऱ्या लोकलमध्ये बोचकी घेऊन चढू नका. मधल्या वेळी जा. वसई-विरारमध्येच विरारच्या बाजूला जायचे असेल तर सकाळी गर्दीच्या उलट दिशेने जाता येते, हाच मोठा फायदा. ऊन दमट असते, घाम फार येतो, म्हणून पाण्यात चिमूटभर मीठ-साखर घालून बरोबर ठेवा. वाडीत शिरताना विचारून शिरा, आपल्या शेतात कुणी न विचारता आले तर आपल्याला तरी कुठे आवडते?

आणि शेवटचे. पोराला आधी पत्र टाका, नाहीतर फोन करा, आणि म्हणा, "या खेपेला मुंबई नको. तू राहतोस ते गाव दाखव." बहुधा त्यानेही ते पाहिलेले नसेल. पहाटे अंधारात निघणारा आणि रात्री अंधारात परतणारा माणूस स्वतःचे गाव पाहणार कधी? रविवारची एक सुट्टी त्याला तुमच्या निमित्ताने मिळेल. सून भाकरी बांधेल, नातू पुढे पळेल, आणि वाडीतले पीक कोणते, केळीला पाणी किती दिवसांनी द्यायचे, हे त्या घरात सांगू शकणारे तुम्ही एकटेच असाल. तेवढे सांगायला तरी जा.