गोडांबी कुठून येते माहितीये?

खरं सांगा, तुम्हाला माहीत होतं? मला काल दुपारपर्यंत नव्हतं!

यवतच्या बाजारात डिंकाच्या लाडवांचं सामान घेत होते. खारीक झाली, खोबरं झालं, राहिली गोडांबी. सहज विचारलं, ‘काका, हिचं झाड कसं असतं हो?’ काकांनी दाराकडं बोट केलं. तिथं लिंबू-मिरची लटकत होती आणि दोऱ्यात मिरच्यांबरोबर ओवलेला काळाभोर बिब्बा! ‘तो फोडला की आत गोडांबी.’

बिब्बा?! पायात काटा मोडला की आजी ज्याचा चटका द्यायची तो? ‘हात लावू नको, उतेल!’ म्हणून ओरडायची तो? कुणी काम बिघडवलं की ‘बिब्बा घातला’ म्हणतो, तो बिब्बा लाडवात?!

मला झाडांतलं काही कळत नाही, पण राहवेना! बाहेर सोलापूर रस्त्यावर ट्रक चाललेले आणि मी प्रत्येकाच्या बंपरवरच्या लिंबू-मिरचीत बिब्बा शोधतेय, आणि मग एक बिब्बा कागदात गुंडाळून घरी आणला, आणि मग पुस्तकं काढली, आणि मग कळलं की हा तर आंब्याचा आणि काजूचा भाऊबंद! काजूसारखाच वर केशरी, गरदार देठ आणि खाली लोंबणारी बी! तो देठ वाळवून खातात, त्याला ‘फूल’ म्हणतात! विष असतं ते सालीतल्या काळ्या तेलात. अंगाला लागलं की फोडच फोड. आणि त्याच तेलानं धोबी कपड्यांवर खुणा करायचे, वर चुना लावला की डाग धुतल्यानं जातच नाही! शास्त्रीय नाव सेमेकार्पस, ग्रीकमध्ये अर्थ काय? खुणेचं फळ! म्हणजे धोब्यांची खूण थेट नावात! आयुर्वेदात हाच भल्लातक, पण आधी विटेच्या चुऱ्यात घोळून तेल काढायचं, मगच औषध. घरी करायचं काम नाही हं ते!

आणि आत? पांढरीशुभ्र, गोड बी! एवढ्या जाळणाऱ्या सालीच्या आत!

ती सुटी कोण करतं, हे मात्र वाचताना थबकले. विदर्भात बायका बसून एकेक बिब्बा फोडतात. हात काळे पडतात, उततात. इतकी वर्षं मी मूठमूठ खाल्ली आणि विचारलं नाही कधी.

लाडू अजून वळायचेत. परातीत गोडांबी, शेजारी कागदावर बिब्बा. या ना बघायला! फक्त त्या काळ्याला हात लावू नका!